जाळी काढली ती...

१२ जून

दादा,

तुझी, माझी, चौकशीवाल्या साहेबांची आणि लाँड्रीतल्या सगळ्या बायकांची तक्रार एकच आहे: त्या दिवशी मी बोलले नाही. साहेब म्हणतात, ही बाई वेळेवर बोलली असती तर एवढा घोळ झाला नसता. बायका म्हणतात, हिने तोंड उघडलं असतं तर हात गेलेल्या आपल्या शिट्टीची नोकरी वाचली असती. तू वहिनीजवळ म्हणालास, "तिला बोलता येत नाही म्हणून मी बोललो, आणि आता ती माझ्यावरच उलटतेय." माझीही तक्रार तीच आहे. मी बोलले नाही. फरक इतकाच, की तुम्ही सगळे मला विचारता, का बोलली नाहीस? आणि मी तुम्हाला विचारते, का बोलू दिलं नाहीत?

हे फोनवर सांगायचा प्रयत्न केला होता. मी "दा" एवढंच म्हटलं आणि तू सुरू झालास. "बोल, चिमे. बरी आहेस ना? हो, हो, कळलं मला. आधी शांत हो. दीर्घ श्वास घे बघू. ठेवतो." काय कळलं तुला? एका अक्षरात अख्खी मी कळले? म्हणून आता कागद घेतला आहे. कागदावर माझी जीभ अडत नाही. युनियनची पत्रकं कोण लिहितं ते तुला माहीत आहे. सभेत ती दुसरंच कोणी वाचतं आणि टाळ्या खिशात घालून घरी जातं. या कागदावर मात्र माझं वाक्य मी सुरू करणार आणि मीच संपवणार.

तर घडलं ते असं. रुग्णालयाच्या तळघरात आपली लाँड्री. ओल्या चादरी गरम रोलरखाली सरकवायच्या, पलीकडून कोरड्या ओढून घ्यायच्या. रोलरच्या तोंडाशी जाळी असते, कुणाचा हात आत जाऊ नये म्हणून. त्या आठवड्यात दुसरं मशीन बंद पडलेलं, चादरींचा डोंगर साचलेला, वरच्या वॉर्डांतून फोनवर फोन, आणि ओल्या चादरी त्या जाळीला सारख्या अडकत होत्या. मग जाळी निघाली. "निघाली" असंच मी सध्या लिहिते. दुपारी एक चादर गोळा होऊन अडकली, शिट्टीने ती हाताने आत ढकलली, आणि तिचा उजवा हात चादरीमागोमाग गेला. दोन बोटं गेली. तीच दोन बोटं तोंडात घालून ती साऱ्या लाँड्रीला जेवायची सुट्टी झाल्याचं सांगायची. म्हणून तर ती शिट्टी.

चौकशीच्या खोलीत साहेबांनी मला पाहिलं आणि त्यांना कुणीतरी कानात सांगितलं, "हिला बोलायचा त्रास आहे. हिचा भाऊच लाँड्रीचा मुकादम आहे, त्याला शेजारी बसवा, सोयीचं पडेल." कुणाच्या सोयीचं, हे कुणी विचारलं नाही. ज्याच्या पाळीत हात गेला, त्यालाच साक्षीदाराची जीभ म्हणून नेमलं. एवढ्या शिकलेल्या माणसांनी भरलेली खोली, पण कुणाला काही खटकलं नाही.

साहेबांनी विचारलं, "जाळी कोणी काढली?"

मी म्हटलं, "जाळी काढली ती..." आणि पुढचा शब्द अडला. घशात बोळा बसावा तसा. तू माझ्या खांद्यावर हात ठेवलास आणि म्हणालास, "जाळी काढली ती तिनेच, साहेब. जिचा हात गेला तिनेच. हिला तेच सांगायचंय. हो ना गं?"

आणि कागदावर आलं: साक्षीदाराने मान हलवून होकार दिला. शिट्टी स्वतःच्या चुकीने जखमी झाली असं ठरलं. हातावरची पट्टी निघायच्या आत तिला कामावरून काढलं.

मी मान हलवली नाही, दादा. मला पक्कं आठवतंय. मी अर्जही दिला तसा. उत्तर आलं, साक्ष तोंडी असते, मागून कुणाच्या सांगण्यावरून लिहिलेलं चालत नाही. म्हणजे जो भराभर बोलतो तो खरा, आणि जी अडखळते तिच्या लेखणीमागेही कुणीतरी दुसराच असणार.

तू आणि साहेबांनी मिळून माझ्या नावावर एक होकार खपवलात. तो परत घे.

तुझी बहीण


२ जुलै

दादा,

तुझी चिठ्ठी वहिनीने आणून दिली. चार ओळी. "शपथेवर सांगतो, तू मान हलवलीस. दोनदा. मी खोटारडा नाही. लहानपणापासून तुझं मीच बोलत आलो, त्याचं हे फळ." वहिनी उंबऱ्यातच उभी होती. "तुम्ही दोघं भांडा हो, पण मला पोस्टमन करू नका," म्हणाली. चहा पण घेतला नाही.

लहानपणाचं तू काढलंसच आहेस, तर ऐक. आई म्हणायची, "तिचं तूच बोलत जा रे." तू बोललास. वर्गात माझी हजेरी तू द्यायचास, खिडकीबाहेर उभा राहून. बाईंनाही ते बरं वाटायचं, त्यांचा वेळ वाचायचा. शाळेच्या सगळ्या वर्षांत मी स्वतः एकदाही "हजर" म्हटलं नाही. कोपऱ्यावरच्या दुकानात तू म्हणायचास, "हिला पिवळ्या गोळ्या द्या, लिंबाच्या." मला लाल हव्या असायच्या. पिवळ्यांनी माझे दात आंबायचे. वर्षानुवर्षं मी त्या चोखल्या आणि तुला वाटत राहिलं, बहिणीचा केवढा लाड करतोय. करतही होतास. मला चिडवणाऱ्याचं दप्तर तू गटारात फेकलं होतंस, तेही मी विसरलेले नाही. म्हणून तर तुझ्यावर चिडणं इतकं अवघड जातं. परक्यावर चिडायला काय लागतं?

आता एक नवी गोष्ट सांगते. तिसऱ्या मजल्यावर एक दार आहे, "वाचा उपचार" अशी पाटी असलेलं. किती वर्षं मी त्या दारावरून स्वच्छ कपड्यांची गाडी ढकलत नेली. आत भिंतीवर हत्ती-उंटांची चित्रं. मला वाटायचं, ते पोरांचं काम. गेल्या महिन्यात तिथले पडदे धुवायला आणायला गेले. आतल्या बाईंनी विचारलं, "परत कधी मिळतील?"

आता "सोमवारी" हा शब्द माझ्यासाठी भिंत आहे. एरवी मी "परवा" म्हणून मोकळी होते, मग परवा सोमवार असो नाहीतर नसो. त्यामुळे वरच्या वॉर्डांतल्या सिस्टर मला थापाडी समजतात. त्या दिवशी का कोण जाणे, मी "सो"वर अडले आणि अडूनच राहिले. बाई थांबून राहिल्या. मी जेव्हा जेव्हा पाहिलं, त्या माझ्या तोंडाकडे नाही, डोळ्यांत पाहत होत्या. घड्याळाकडे नाही, फाइलीकडे नाही. शेवटी "सोमवारी" बाहेर आलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "मग सोमवारी इथेच असेन मी."

मी म्हटलं, "तुम्हाला आधीच कळलं होतं ना मी काय म्हणणार ते?"

"कळलं होतं की. पण शब्द तुमचा होता."

दादा, मी गाडी जिन्याजवळ नेली आणि तिच्या दांड्यावर डोकं टेकून उभी राहिले. एवढंसं वाक्य. आपल्या घरात ते कुणाला कधी सुचलं नाही.

आता आठवड्यातून दोनदा जाते, पाळी सुटली की. पहिल्याच दिवशी विचारलं, "मी बरी होईन?" त्या म्हणाल्या, "आजारी आहात का?" मग समजावून सांगितलं. तोतरेपणा म्हणजे भित्रेपणा नाही. अक्कल कमी नाही. कुणाची नक्कल करून लागलेली खोड नाही, आईबापांच्या धाकाने आलेलाही नाही. बोलण्यासाठी मेंदू, श्वास, गळा, जीभ यांचा ताळमेळ बारीक वेळेवर चालतो. काहींचा तो जन्मतःच जरा वेगळा असतो, आणि पुष्कळदा घराण्यात चालत येतो. विचारलं, "तुमच्याकडे आणखी कुणी?" मी नाही म्हणणार होते, तेवढ्यात थोरले मामा आठवले. आपण ज्यांना अबोल, विरक्त, साधुपुरुष म्हणायचो ते. लग्नकार्यात एका कोपऱ्यात बसून नुसते हसायचे. आपण पाया पडत राहिलो, दादा. बिचाऱ्याला कदाचित खूप बोलायचं असेल.

बाईंनी वचन वगैरे काही दिलं नाही. म्हणाल्या, "अडखळणं पूर्ण जाईल असं मी सांगणार नाही. तसं सांगणाऱ्यापासून लांबच राहा. पण आज तुम्ही जे जमतं ते बोलता. पुढे जे बोलायचं असेल ते बोलाल, त्यासाठी आपण काम करू." मी जन्मभर जमतं ते बोलले. परवा, पिवळ्या, आणि गप्प.

तू शपथ घेतोस म्हणून मी हललेच असेन असं मानायला मी तयार नाही. शपथ माझीही आहे.

चिमी


२१ ऑगस्ट

दादा,

हे पत्र लिहायला जीव जातोय, पण लिहिते.

आधी काम काय चालतं ते सांगते, म्हणजे पुढचं समजेल. शब्द अडला की आपण काय करतो? जोर लावतो. ढकलतो. बाई म्हणतात, अडलेल्या शब्दाला ढकललं की तो आणखी घट्ट बसतो. तिथेच थांबायचं, कुठे आवळलंय ते ओळखायचं, ओठात, जिभेत, गळ्यात, आणि तो दाब सैल करून तोच शब्द हळू सरकवायचा. पळायचं नाही, शब्द बदलायचा नाही. मी हसले. म्हटलं, हे तर आम्हाला लाँड्रीत पहिल्या दिवशी शिकवतात: चादर अडकली की हात घालू नका, दांडा खाली ओढून रोलर सैल करा. त्यांना फार आवडलं ते. मग माझं हसू गेलं. त्यांनी विचारलं, काय झालं? मी शिट्टीचं सांगितलं. अडखळत, सगळं. वेळ संपली होती, बाहेर एक आजोबा खोकत होते, पण त्यांनी थांबवलं नाही.

मग एक विचित्र काम दिलं: बाजारात जाऊन मुद्दाम अडखळायचं. ज्याला लपवत जन्म गेला, ते आपणहून बाहेर काढायचं, म्हणजे त्याचा धाक कमी होतो. मी कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. तोच दुकानदार, आता म्हातारा. "ल ल लाल गोळ्या द्या," म्हटलं. तो म्हणाला, "तुम्हाला पिवळ्या लागतात ना? भाऊ सांगायचा." म्हटलं, "भ भावाला लागत असतील. मला लाल." आधी "ल"वर मुद्दाम अडखळले, मग "भ"वर खरीच अडखळले, आणि दोन्हींत मेले नाही.

आता मुद्द्यावर येते. गेल्या आठवड्यात बाईंनी मी बोलत असताना फोनवर चित्रण केलं, आणि ते मला दाखवलं. स्वतःला बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं, कारण अडले की माझे डोळे मिटतात. तेही तिथेच कळलं. पडद्यावरची बाई, म्हणजे मी, "सोमवार"वर अडली. डोळे घट्ट मिटले. आणि तिची मान हलली, दादा. खाली, वर. खाली, वर. कुणाला जोरात "हो, हो" म्हणावं तशी.

"हे काय?" मी विचारलं.

बाई म्हणाल्या, "झटका आहे. कधीतरी मान हलवल्यावर शब्द सुटला असेल, मग शरीराने ती युक्ती धरून ठेवली. कुणी मांडीवर थाप मारतं, कुणी पाय आपटतं. तुम्ही मानेने शब्द ढकलता. त्यात होकार नाही आणि नकारही नाही."

मी ते चित्रण पुन्हा पुन्हा पाहिलं. त्या खोलीतही हेच झालं असणार. तू "हो ना गं?" म्हणालास, तेव्हा मी अजून माझ्या शब्दाशीच झगडत होते, मानेने त्याला ढकलत होते. तुला दिसला होकार. साहेबांना दिसला होकार. म्हणजे तू खोटं बोलला नव्हतास. मान हलली होती. ते मी मागे घेते.

पण एवढ्यावर सुटलास असं समजू नकोस. चाळीशी ओलांडली आपण. या मानेचे झटके तू लहानपणापासून पाहिलेस. माझा होकार कुठला आणि माझी तडफड कुठली, हे जगात कुणाला ओळखता यायला हवं होतं? साहेबांना?

आणि दुसरं. पहिल्या पत्रात मी "जाळी निघाली" असं लिहिलं. अर्जातही तसंच लिहिलं. मी तुला झाकत होते. तुला ते कळलं असणारच, म्हणून तू त्या एका शब्दाबद्दल अवाक्षर काढलं नाहीस. जाळी आपोआप निघत नाही. तिला चार बोल्ट असतात आणि पाना मुकादमाच्या खिशात असतो. सकाळी मॅनेजर खाली आला, "काय वाटेल ते कर, दुपारपर्यंत वर चादरी पाहिजेत," म्हणाला. तू माझ्यासमोर गुडघ्यावर बसून जाळी उतरवलीस. शिट्टीने तुला विचारलंही, "मुकादम, हात गेला तर?" तू म्हणालास, "तुझा हात जाऊ दे गं, जीभ तर शाबूत राहील. तीच जास्त चालते." सगळ्या हसल्या. मीही हसले.

साहेबांसमोर माझं वाक्य कुठे चाललं होतं, हे त्या खोलीत एकट्या तुला माहीत होतं. माझ्या घशात अडलेला शब्द "दादा" होता. दगदग नको म्हणून तू माझं वाक्य पूर्ण केलंस की ते पूर्ण होऊ नये म्हणून? याचं उत्तर मला पत्राने नको आहे. खोटं पत्राने फार सफाईदार लिहिता येतं, हे मला तुझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

चिमी


९ सप्टेंबर

दादा,

चौकशी पुन्हा उघडली आहे. वहिनीकडून कळलंच असेल, ती पोस्टमन नाही म्हणते तरी.

कसं झालं ते सांगते. युनियनच्या सभेत पत्रक वाचायला नेहमीचा गडी उठला. मी त्याच्या हातातून कागद घेतला. तो म्हणाला, "अहो, लोक कंटाळतील." म्हटलं, "कं कंटाळू देत. आजवर तुम्हाला सहन केलं." हशा झाला आणि मी बोलायला लागले. दुसऱ्याच ओळीत अडले. मागून कुणीतरी ओरडलं, "पुढे!" पूर्वी असतं तर मी तिथेच बसले असते. मी थांबले, जबडा सैल सोडला, तोच शब्द पुन्हा घेतला. म्हटलं, "तुम्ही म्हणता, ही बोलली नाही. मी बोलतच होते. तुम्हाला घाई होती. या तळघरात सगळ्या घाईची किंमत कुणीतरी आपल्या हाडामांसाने भरते. माझ्या वाक्याची घाई तुम्ही केलीत, भरपाई शिट्टीकडून वसूल झाली." सलग नाही बोलले. चांगली अडखळत बोलले. पण एकही शब्द बदलला नाही, आणि कुणी उठून गेलं नाही. शिट्टी शेवटच्या रांगेत होती. तिने डाव्या हाताची दोन बोटं तोंडात घातली आणि जोर लावला. नुसतं फुस्स झालं. "काय करू, शिकतेय," म्हणाली. "तू पण शिकतेयस की."

मग युनियनने फेरचौकशी मागितली, आणि थेरपीच्या बाईंनी साहेबांना लेखी कळवलं, की अडखळताना हलणारी मान म्हणजे उत्तर नव्हे, आणि या साक्षीदाराला पूर्ण वेळ मिळाला पाहिजे. साहेबांनी मानलं. या वेळी माझ्या शेजारी कुणी बसणार नाही.

काल शिट्टी घरी आली होती. मी तिला सांगितलं, गुरुवारच्या साक्षीत मी नाव घेणार. म्हणजे दादाचं. ती डाव्या हाताने कपबशी फिरवत बसली. मग म्हणाली, "तुझ्या भावाची नोकरी जाईल गं."

"जाईल."

"मॅनेजर नामानिराळा राहील."

"दादाने तोंड उघडलं तर नाही राहणार. हुकूम त्याला मिळाला होता. माझ्या कानावर पडला तो फक्त मशीनच्या आवाजातून."

"तो कशाला उघडेल?" शिट्टी म्हणाली. "दुसऱ्याचंच बोलायची सवय त्याला. स्वतःचं कधी बोललाय का तो?"

हे मला आयुष्यात सुचलं नव्हतं, दादा. तिला दोन बोटं देऊन कळलं. तू माझं बोललास, आईचं बोललास, मॅनेजरचं बोललास. पाना हातात घेताना तुलाही "नाही" म्हणायचं असेल. तुझी जीभ तर कधीच अडली नाही, मग ते "नाही" कुठे अडलं? त्याच्यावर उपचार कुठल्या मजल्यावर होतो, मला माहीत नाही.

मी तुला माफ केलेलं नाही. कागदावर सुद्धा तसं लिहवत नाही. माझ्या तोंडून तू माझ्या मैत्रिणीवर आळ घेतलास, आणि मला पिवळी गोळी देऊन घरी आणल्यासारखं खांद्यावर थोपटत बाहेर आणलंस. तो हात मला अजून खांद्यावर जाणवतो.

गुरुवारी अकरा वाजता त्या खोलीत ये. समोरच्या भिंतीशी खुर्च्या आहेत, तिथे बस. साहेब विचारतील, जाळी कोणी काढली? मी म्हणेन, "जाळी काढली ती..." आणि थांबेन. अडणार नाही, थांबेन. फरक तुला ओळखता येईल: माझे डोळे उघडे असतील, तुझ्यावर असतील, आणि मान हलणार नाही. खोलीतले सगळे सवयीने तुझ्याकडे वळतील. जन्मभर माझी वाक्यं तू न विचारता पूर्ण केलीस. हे एक मी स्वतः तुझ्यापुढे ठेवते आहे. फार वेळ थांबणार नाही. तू गप्प राहिलास तर तो शब्द मी उच्चारेन, कितीही तुकड्यांनी आला तरी, आणि मग तो माझा असेल, तुझा नाही.

त्या आधी उठ, दादा, आणि ते वाक्य पूर्ण कर.

चिमी